निरोप समारंभासाठी आगगाडीची गाणी सुचवा (अटी वाचल्याशिवाय सुचवू नका)

ऑक्टोपॅडवाला, पाचपावली

रामराम मंडळी. धागा घाईचा आहे, कार्यक्रम ३१ तारखेला आहे.

मी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम) वाजवतो. बावीस वर्षं झाली. लग्न, गणपती, नवरात्र, बारसं, सगळीकडे वाजवून झालं. आता इथे नागपुरातच, अजनीला एका लोको पायलट (इंजिन ड्रायव्हर) साहेबांच्या निरोपाचं काम आलंय. सदतीस वर्षं नोकरी. त्या दिवशी सकाळी शेवटची गाडी घेऊन येणार, फलाटावर हारतुरे, आणि संध्याकाळी हॉलमध्ये दोन तास गाणी. फर्माईश एकच: सगळीच्या सगळी गाणी आगगाडीची पाहिजेत.

अट पहिली, साहेबांची. ‘गाडी बुला रही है’ वाजवायचं नाही. मी चाटच पडलो. रेल्वेतला निरोप आणि ते गाणं नाही, म्हणजे लग्नात सनई नाही. साहेब म्हणाले, ‘मी लागलो तेव्हा रात्री दोन वाजता कॉलबॉय यायचा, दार ठोकायचा, कॉलबुकात सही घेऊन जायचा. पुढे मोबाईल आला, मग तो वाजायला लागला. सदतीस वर्षं गाडी बोलावतच होती. आता नाही जात म्हणावं.’

अट दुसरी काकूंची, म्हणजे साहेबांच्या पत्नींची. ताटातुटीचं, रडकं काही नको.

अट तिसरी माझी स्वतःची आहे आणि तीच सगळ्यांत अवघड आहे. पडद्यावर गाडी दिसते म्हणून ते गाडीचं गाणं, हे मला पटत नाही. आमच्याकडे पडदा नसतो. डोळे मिटून ऐकलं तरी गाडी धावली पाहिजे. ‘है अपना दिल तो आवारा’ घ्या, ‘सोलवा साल’, १९५८. संगीत सचिनदांचं (एस. डी. बर्मन), माउथऑर्गन त्यांच्या मुलाचा, पंचमचा (आर. डी. बर्मन), आणि हेमंतकुमारांचा आवाज असा सैल सोडलेला की लोकलच्या दांडीला धरून माणूस डुलतोय असं वाटतं. हे झालं गाडीचं गाणं. उलट काही गाणी अशी आहेत की हिरो-हिरॉईन डब्यात बसलेत, बाहेर झाडं पळतायत, पण ठेका बागेतला आहे. तीच चाल झोपाळ्यावर चालली असती.

वाफेच्या इंजिनाबद्दल मला एकदा एका फिटरने समजावलं होतं. दोन बाजूंना दोन सिलिंडर. वाफ दट्ट्याला पुढूनही ढकलते आणि मागूनही. म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा ‘छुक’ होतं. चार! म्हणजे इंजिन जन्मतःच केरवा (चार-चार मात्रांचा ताल) वाजवतं. आपण शाळेत ‘कशासाठी, पोटासाठी, खंडाळ्याच्या घाटासाठी’ म्हणायचो, ते टाळी देऊन म्हणून बघा. प्रत्येक तुकडा चार अक्षरांचा. ज्याने लिहिलं त्याच्या कानात इंजिन होतंच.

आणि माझी फजितीही सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही तोच सल्ला देणार नाही. गेल्या वर्षी अशाच एका कार्यक्रमात मी सुरुवातीलाच पॅडवरून वाफेच्या इंजिनाची लांब शिट्टी सोडली. समोर दीडशे जण रनिंग स्टाफचे, म्हणजे गाडीवरचे ड्रायव्हर आणि गार्ड. टाळ्या येतील वाटलं होतं, हशा आला. मागून एक जण ओरडला, ‘दादा, हे इंजिन म्युझियममध्ये उभं आहे, आम्ही डब्ल्यूएपी-सेव्हन चालवतो!’ म्हणजे विजेचं इंजिन. आणि म्युझियम म्हणजे कडबी चौकातलं नॅरोगेजचं. माझ्या घराजवळच आहे, त्यामुळे ते जास्त लागलं.

आत्तापर्यंत ठरलेली: ‘मेरे सपनों की रानी’, ‘छैंया छैंया’, ‘हम दोनों दो प्रेमी’ आणि अशोककुमारांचं ‘रेलगाडी’. अजून दहा-बारा हवीत. मराठी असतील तर दंडवत.

---

गार्डबाबा (मोतीबाग, निवृत्त)

भाऊ, आधी खात्याची हरकत नोंदवून घ्या. ‘छैंया छैंया’: छतावर बसून प्रवास, रेल्वे कायदा १९८९, कलम १५६. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नाचणाऱ्या मंडळींसकट अख्खी गाडी आत जाते. ‘हम दोनों दो प्रेमी’: मालगाडीत बसून पळून चाललेत, आणि मागे ब्रेकव्हॅनमध्ये गार्ड काय करत होता हा प्रश्न मला १९७४ पासून छळतोय.

आता कामाचं. छुकछुक तुमच्या फिटरने बरोबर सांगितली. पण तुमचे साहेब विजेच्या इंजिनावर वाढले. त्यांच्या कानात छुकछुक नसणार, रुळाचा सांधा असणार. आपल्याकडे ब्रॉडगेजचा रूळ तेरा मीटरचा. दोन रुळांच्या मध्ये फट, तिथे फिशप्लेट (रूळ जोडणारी लोखंडी पट्टी). डब्याखालच्या एका बोगीला (चाकांच्या गाड्याला) दोन धुरा, त्यामुळे प्रत्येक सांध्यावर ‘धड-धड’ असा जोडठोका. मग थोडी उसंत. मग पुढच्या बोगीचा ‘धड-धड’. हा तुमचा ठेका.

आणखी एक गंमत. आम्ही गार्ड लोक वेग कसा ओळखायचो माहीत आहे का? घड्याळ धरायचं आणि सत्तेचाळीस सेकंदांत किती सांधे गेले ते मोजायचं. जितके सांधे, तितके ताशी किलोमीटर. त्रेसष्ट सांधे म्हणजे त्रेसष्टचा वेग. तेरा गुणिले तीन पूर्णांक सहा करून बघा, सेहेचाळीस पूर्णांक आठ येतं, म्हणून सत्तेचाळीस. आता मोजायला जाल तर फसाल. मेन लाइनवर सगळीकडे रूळ वेल्डिंग करून लांबच लांब केलेत. गाडी तेलावरून गेल्यासारखी जाते. प्रवाशाला बरं, तबलजीचं नुकसान.

गाणं म्हणाल तर ‘रेलगाडी’ला तोड नाही. ‘आशीर्वाद’, १९६८, वसंत देसाईंचं संगीत. एका दमात स्टेशनांची नावं घेत अशोककुमार धावतात त्यात ‘मांडवा खांडवा’ येतं. ते वाढले खांडव्याला, आणि धाकटा किशोर तर जन्मलाच तिथे. जंक्शनचं गाव. मुंबई-इटारसीची ब्रॉडगेज, आणि इंदूरकडून येणारी मीटरगेज. अशा गावात लहानपण गेलेल्या माणसाला ठेका शिकवावा लागत नाही, असं माझं मत. कोणी पुरावा मागू नये.

‘मेरे सपनों की रानी’बद्दल एकच सांगतो. ती दार्जिलिंगची गाडी दोन फुटांची, आमची नागपूरची नॅरोगेज अडीच फुटांची. आमच्या लाइनीला बाजूने जीप पळवायला डांबरी रस्ता नव्हता, नाहीतर राजेश खन्ना सौंसरला दिसला असता.

---

उमरेडच्या बाई

गार्डकाका, नॅरोगेजचं नाव काढलंत आणि मला लिहिणं भाग पडलं. माझं माहेर नागपूर, इतवारीजवळ. मामा भिवापूरला. त्यामुळे ‘झुकझुक झुकझुक अगीनगाडी’ हे आमच्यासाठी गाणं नव्हतं, वेळापत्रक होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत इतवारीहून नागभीडची गाडी पकडायची, कुही, उमरेड करत भिवापूर. गदिमांनी लिहिलंय की पळती झाडे पाहू या. आमची गाडी अशी चालायची की झाडं पळत नसत, निवांत चालत आमच्यासोबत यायची.

भिवापूरची मिरची ठाऊक असेल. परतीच्या गाडीत डब्याच्या दाराशी मिरचीची पोती लागलेली असायची. गाडीला धक्का बसला की पोत्यातून लाल धूळ उडायची, आणि एका बाकावर कोणी शिंकलं की डबाभर शिंका. आई पदर नाकाला लावून बसायची, आजी मात्र चुना-तंबाखू मळत म्हणायची, ‘जास्तीचे लाड आहेत तुमचे.’ मला आजही ते गाणं ऐकलं की नाकात हुळहुळतं. लाइन ब्रॉडगेज करायची म्हणून ती छोटी गाडी २०१९ साली बंद झाली. माझ्या वर्गातल्या मुलांना ‘अगीन’ म्हणजे काय इथपासून सांगावं लागतं. धूर काढणारी गाडी त्यांनी कार्टूनमध्येच पाहिली आहे.

ऑक्टोपॅडवाले भाऊ, हे गाणं नक्की घ्या. आशाताईंच्या आवाजात आहे, ठेका तुमच्या अटीत चपखल बसतो, आणि हॉलमधली नातवंडं उठून एकमेकांची कंबर धरून गाडी करतील याची हमी माझी.

कुसुमाग्रजांची ‘आगगाडी आणि जमीन’ मात्र कोणी सुचवलीच तर घेऊ नका. मी दरवर्षी मुलांना मोठ्याने म्हणून दाखवते, लय इतकी जबरदस्त आहे की शेवटच्या बाकावरचाही मान वर करतो. पण त्यात शेवटी धरणी सूड उगवते आणि गाडीचं जे होतं ते निरोप समारंभात ऐकवण्यासारखं नाही.

---

तर्रीपोहे

अबे ऑक्टोपॅडवाल्या, तू मले फोन नाई केला न धागा काढून रायला? मी तुले पाच मिनटात पंधरा गाणे देतो, वरून एक प्लेट पोहे लागतीन.

एक. ‘धन्नो की आँखों में’. ‘किताब’, गुलझारचा, १९७७. पंचमनं सोताच गायलं हाय. इंजिन डायवर गाणं म्हणत गाडी चालवते, बाजूले पोट्टं बसलं हाय. भाऊ, डायवरच्या कार्यक्रमात डायवरचं गाणं नाई वाजवत तर काय गार्डाचं वाजवतं? (गार्डबाबा, राग नका मानू.)

दोन. ‘अंजन की सीटी में म्हारो मन डोले’. राजस्थानी हाय. तुह्या शिट्टीची हौस पन फिटते, न कोनी हासत बी नाई, कारन गान्यातच शिट्टी हाय.

तीन. ‘अपनी तो हर आह इक तूफान है’. ‘काला बाजार’, १९६०. तू म्हनशीन याच्यात गाडीचा आवाज कुठी हाय. नसू दे. रफी म्हनते ‘ऊपरवाला जान कर अंजान है’, लोकायले वाटते देवाले म्हनून रायला. न वरच्या बर्थवर वहिदा रेहमान! शैलेंद्रनं एका ओळीत आरक्षण करून टाकलं. हे गानं ज्याले समजलं नाई त्याले रेल्वेत नौकरीच नाई भेटली पायजे.

चार. ‘पल दो पल का साथ हमारा’ नको. कव्वाली एक नंबर हाय, पन पिच्चरचं नाव ‘द बर्निंग ट्रेन’. साहेब शेवटची गाडी आनून रायले त्या दिवशी, जरा शुभ बोल नाऱ्या.

पंधराचं म्हनलो होतो, चारच झाले. पोहे तरी बी लागतीनच.

---

पुण्यातला नागपूरकर

मी गिटार वाजवतो, म्हणून जरा बाहेरचं सांगतो. अमेरिकेत रेल्वेच्या गाण्यांचा वेगळा संसारच आहे, आणि तिथल्या ड्रमरांच्या भाषेत ‘ट्रेन बीट’ नावाचा ठेकाच आहे. स्नेअरवर (छोट्या ड्रमवर) ब्रशने सलग सोळाव्या मात्रा, मध्ये-मध्ये जोर. जॉनी कॅशचं ‘फोल्सम प्रिझन ब्लूज’ ऐका, १९५५ चं. कैदी तुरुंगात बसलाय आणि बाहेरून गाडी जातेय. कॅशकडे तेव्हा ड्रमवाला नव्हता. दोन गिटार आणि एक बास. मग तो काय करायचा, गिटारच्या तारांमध्ये कागदाचा तुकडा अडकवायचा. तार छेडली की स्वर कमी आणि खर्रखर्र जास्त. झाली गाडी सुरू. ऑक्टोपॅडदादा, तुमच्या गिटारवाल्याला हे करून बघायला सांगा, खर्च शून्य.

दुसरी एक गोष्ट मला फार लागते. ‘फाइव्ह हंड्रेड माइल्स’ हे तिकडचं गाडीचं गाणं. घरापासून लांब गेलेला माणूस, खिशात पैसा नाही, शंभर मैलांवरून ऐकू येणारी गाडीची शिट्टी. तीच चाल आपल्याकडे १९९० साली ‘जुर्म’मध्ये ‘जब कोई बात बिगड़ जाए’ झाली. चाल आली, गोडवा आला, गाडी मात्र मागच्या स्टेशनवरच राहिली. म्हणजे तुमच्या तिसऱ्या अटीची ही उलटी बाजू: मूळ गाणं गाडीचं, पण त्यावरून बेतलेलं गाडीचं नाही.

आणि ‘मसान’मधलं ‘तू किसी रेल सी गुज़रती है’. दुष्यंतकुमारांच्या ओळीवर वरुण ग्रोव्हरने बांधलेलं, इंडियन ओशनचं संगीत. यात गाडीपेक्षा पूल महत्त्वाचा. ती जाते आणि हा थरथरतो. मी कॉलेजला असताना कन्हानच्या पुलाखाली बसायचो, त्यामुळे मला ते थरथरणं दातांत माहीत आहे. काकूंच्या अटीत बसत नसेल, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

---

सिद्धार्थनगर

चित्रपटातली नाहीत, पण सांगतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर येणाऱ्या गाड्यांमधून जी गाणी येतात ती कोणी ऐकली आहेत का? मी दरवर्षी स्टेशनवर पाणीवाटपाला असतो. गाडी फलाटाला लागायच्या आधी गाणं येतं. बायकांचा आवाज, एक म्हणते आणि डबा झेलतो, टाळी आणि डब्याच्या पत्र्यावर थाप. मराठवाड्याकडून आलेल्या एक आजी मला म्हणाल्या होत्या, ‘बाळा, जागा मिळाली नाही बसायला, म्हणून उभ्यानं गायलं.’ गाडी थांबली तरी कडवं पूर्ण झाल्याशिवाय कोणी उतरत नाही, मागचे ओरडत असतात. तुम्हाला कार्यक्रमाला उपयोग नाही, पण पत्र्यावरची थाप तुमच्या पॅडमध्ये नसणार.

---

ऑक्टोपॅडवाला, पाचपावली

सगळ्यांना दंडवत. एकेकाला उत्तर देतो.

सिद्धार्थनगर भाऊ, पत्र्यावरची थाप माझ्या पॅडमध्ये खरंच नाही. आज घरी धान्याच्या रिकाम्या कोठीवर वाजवून मोबाईलमध्ये भरून घेतली. बायको म्हणाली, कोठीला पोचा पडला. पडला तर पडला. ऑक्टोबरात तुमच्यासोबत स्टेशनवर येतो, पाण्याचे कॅन उचलतो, मला ऐकू द्या.

गार्डकाका, तुमचे सत्तेचाळीस सेकंद डोक्यात घेऊन परवा वर्ध्याच्या कार्यक्रमाला गेलो. खिडकीशी बसून घड्याळ धरलं. अजनी सुटलं, बुटीबोरी गेलं, मोजायला सांधाच नाही! नुसता ‘सूंऽऽ’ आवाज. समोरचा माणूस मला विचारतो, नाडी बघताय का कोणाची? शेवटी सिंदीला मागून एका सुपरफास्टला पुढे काढायचं म्हणून आम्हाला लूपला (बाजूच्या रुळावर) घेतलं, आणि काय सांगू, पॉइंटवरून (रूळ बदलतो तिथून) डबा वळला आणि खाली ‘खडाक-धड-धड, धड-धड’ सुरू झालं. मी मांडीवर धरून ठेवलं. नागपुरात डायमंड क्रॉसिंगपाशी एक रूळ दुसऱ्याला छेदतो तिथेही असंच होतं, पण ते इतक्या झटक्यात होतं की तिहाईसारखं: तीनदा आपटून समेवर. गणित मात्र जमलं नाही, लूपमध्ये सत्तेचाळीस सेकंदांत गाडी उभीच राहिली.

पुण्यातल्या भाऊ, कागदाची युक्ती केली. आमच्या गिटारवाल्याने आधी नाक मुरडलं, मग बिलबुकाचं एक पान घडी करून तारांमध्ये घातलं. नोटेने जास्त चांगलं वाजेल म्हणून त्याने माझ्याकडे नोट मागितली, ती दिली नाही. पानावरच असं वाजलं की सिंथेसायझरवाला वळून बघायला लागला. ‘है अपना दिल’च्या मागे तेच लावतोय.

ताई, ‘अगीनगाडी’ पक्कं. तर्रीपोहे, ‘धन्नो’ आणि वहिदाची बर्थ दोन्ही घेतलं. दुसऱ्यात गाडीचा आवाज नाही हे तू स्वतःच कबूल केलंस. तिसरी अट माझीच होती, मीच मोडतो.

आता माझं मन सांगतो. मला यातलं सगळ्यांत आवडतं ते मी वाजवू शकत नाही. ‘रेलिया बैरन पिया को लिए जाए रे’. उत्तरेकडचं लोकगीत. नवरा परदेशी चाललाय आणि ती सवतीला शिव्या द्याव्यात तशी रेल्वेला देते. पण पुढे काय म्हणते, ज्या तिकिटावर माझा नवरा जाणार आहे, पाऊस पडो आणि ते तिकीट विरघळून जावो. पुठ्ठ्याचं छोटं तिकीट आठवतं ना, तारखेचा ठसा मारलेलं? ते भिजलं की खरंच लगदा व्हायचा, मी लहानपणी खिशात धुऊन बघितलंय, मार खाल्लाय. आता मोबाईलवरचं तिकीट पावसाने विरघळत नाही. बिचारी काय करणार?

काकूंना नुसतं विचारून बघितलं. म्हणाल्या, ‘नको. मला ते अख्खं पाठ आहे.’

---

उमरेडच्या बाई

कार्यक्रम झाला की लिहा भाऊ. आणि नातवंडांनी गाडी केली की नाही तेही.

---

ऑक्टोपॅडवाला, पाचपावली

झाला कार्यक्रम. रात्री साडेदहाला घरी आलो, आत्ता लिहायला बसलोय, हात अजून थरथरतायत.

साहेब सकाळी बल्लारशाहकडून गाडी घेऊन आले. इंजिनाला झेंडूचे हार, दोन्ही बाजूंनी केळीचे खुंट. मी फलाटावर नव्हतो, काकूंनी सांगितलं. संध्याकाळी हॉलमध्ये पाऊल ठेवलं तेव्हा साहेब पहिल्या रांगेत गणवेशात बसले होते, ड्युटीच्या बाराव्या तासाला असावेत तसे ताठ.

सुरुवात ‘मेरे सपनों की रानी’ने. मी नेहमीसारखा दणक्यात ठेका सुरू केला आणि साहेब उठून सरळ स्टेजवर. मला वाटलं झालं, गेल्या वर्षीची शिट्टी पुन्हा. म्हणाले, ‘दादा, गाडी अशी सुटत नाही.’ माईक हातात घेऊन सगळ्यांना सांगायला लागले. ‘आधी ब्रेक सुटतो.’ आणि तोंडाने लांब ‘फुस्स’ केलं. ‘मालगाडी असेल तर मागे अठ्ठावन्न वाघिणी, म्हणजे मालडबे. आपण हळूच ओढायचं. पहिलं कपलिंग ताणलं जातं, मग दुसरं, मग तिसरं. खट्. खट्. खट्. हा आवाज शेवटच्या वाघिणीपर्यंत जाऊ द्यायचा. घाई केली तर कपलिंग तुटतं. मग एक नॉच, म्हणजे जोराचा एक टप्पा. मग दुसरा.’

मग ते माझ्या बाजूला उभे राहिले आणि हात वर करत गेले. त्यांचा हात जेवढा वर, तेवढी मी लय वाढवायची. आमचा किशोरवाला गायक माईक धरून उभा, त्याला कळेना शिरायचं कधी. सोळा आवर्तनं गेली असतील. हॉलमधले सगळे रनिंग स्टाफवाले पायाने धरायला लागले, फरशी वाजायला लागली. साहेबांनी हात खांद्याच्या वर नेला आणि गायकाकडे बघून मान हलवली. बावीस वर्षांत मी ते गाणं हजारवेळा वाजवलं असेल. ते आज पहिल्यांदा सुटलं.

ताई, नातवंडांनी गाडी केली. अकरा डब्यांची होती, नंतर तीन आज्या जोडल्या. गाडी प्रसादाच्या टेबलाला धडकली, बुंदी सांडली.

तर्रीपोह्या, तुझी बर्थ चालली. रफीची ती ओळ आली आणि काकू इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावला. नंतर चहा घेताना मला म्हणाल्या, ‘तिला निदान वरची बर्थ तरी मिळाली. आम्ही लग्नानंतर तिरुपतीला निघालो होतो, बल्लारशापर्यंत यांचीच ड्युटी. तेवढा वेळ हे पुढे इंजिनात आणि मी मागे एस-सेव्हनमध्ये. गाडी एकच. बल्लारशाला उतरून धावत आले तर बॅगेत धोतर भिजलेलं, पाण्याची बाटली सांडून.’ काकूंना विरहाचं गाणं का नको होतं ते मला तेव्हा कुठे कळलं.

‘गाडी बुला रही है’ वाजवलं नाही. कोणी फर्माईशही केली नाही. साहेबांनी सगळ्यांना आधीच दम दिला होता.

---

तर्रीपोहे

रेकॉर्डिंग टाक न बे. न पोहे?

---

ऑक्टोपॅडवाला, पाचपावली

रेकॉर्डिंग आहे पण घोटाळा झालाय. मोबाईल मी माझ्याच पॅडच्या स्टँडला टेकवून ठेवला होता. त्यामुळे गाणं लांबून आल्यासारखं आणि धडधडच जास्त. किशोर कुठे, माउथऑर्गन कुठे, काही पत्ता नाही. तरी पहिल्या गाण्याचा तुकडा टाकतो. पोहे रविवारी.

---

गार्डबाबा (मोतीबाग, निवृत्त)

ऐकलं. दोनदा ऐकलं. गाणं खरंच ऐकू येत नाही, ते बरंच झालं. घड्याळ लावून मोजले. गाडी पूर्ण वेगात आल्यावर सत्तेचाळीस सेकंदांत ९४ ठोके. अजनीचा हॉल म्हणजे यार्डाची हद्द, लूपवर १५ ची मर्यादा. कॉशन ऑर्डर (गाडी हळू नेण्याचा लेखी हुकूम) मिळूनही ९४ ने गाडी का नेली, याचा खुलासा रविवारी पोह्यांच्या वेळी लेखी द्यावा. मी येतोय.